शाल नंतर, टिपण आधी

कोल्हापुरात थंडी पडू लागली की व्याख्यानमालांचा हंगाम येतो आणि त्याच्यामागोमाग एक जुना वादही. पत्रिकेवर वेळ सायंकाळी सहाची असते. प्रत्यक्षात सव्वासहाला माईकवाला तारा जोडत असतो. मग दीपप्रज्वलन, प्रतिमापूजन, स्वागतगीत, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, नव्या आजीव सभासदांचा सत्कार, देणगीदारांचा सत्कार, आणि ज्यांचा सत्कार राहून गेला त्यांची नावं आयत्या वेळी चिठ्ठीवरून वाचणं. वक्त्याच्या हाती माईक येतो तेव्हा साडेसात होऊन गेलेले असतात. मागच्या रांगांतली माणसं केएमटीची बस गाठायला उठू लागतात आणि प्रश्नोत्तरं ‘वेळेअभावी’ रद्द होतात. आभार मात्र कधीच रद्द होत नाहीत.

यावर गावात दोन तट आहेत. एक म्हणतो, ज्ञानाच्या मंडळांनी हे शाल-श्रीफळ साफ बंद करावं; व्याख्यान ठेवा, बाकी सगळं उचलून फेका. दुसरा म्हणतो, माणसं जोडायची तर मान द्यावाच लागतो. सत्कार काढलात तर सभागृहात वक्ता आणि सेक्रेटरी एवढेच उरतील. भांडण सत्कार हवा की नको यावर रंगतं, आणि माझ्या मते ते तिथंच फसतं. सभासदत्वाचा समारंभ हवाच. पण तो व्याख्यानाच्या मांडवातून बाहेर काढला पाहिजे, आणि आज ज्याच्या गळ्यात हार पडतो त्याच्याकडून त्या दिवशी काहीतरी मागितलं पाहिजे. आपल्या समारंभांचं दुखणं त्यांच्या लांबीत नाही. सभासद होणाऱ्याला खुर्चीत बसून राहण्यापलीकडे तिथं काहीच करावं लागत नाही, हे ते दुखणं आहे.

‘बंद करा’ म्हणणाऱ्यांचा आवडता दाखला लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशन या विज्ञानसंस्थेचा, आणि तो खरोखर जोरकस आहे. मायकेल फॅरडेनं १८२५ मध्ये तिथं शुक्रवारच्या संध्याकाळची व्याख्यानं सुरू केली. रिवाज असा की घड्याळाचे ठोके पडतात, दार उघडतं, वक्ता आत येतो आणि पहिल्याच वाक्याला विषयात शिरतो. परिचय नाही, स्वागत नाही, ‘व्यासपीठावरील मान्यवर’ नाहीत. तासाभरानं पुन्हा ठोक्याला थांबायचं. ३० एप्रिल १८९७ रोजी जे. जे. थॉमसन यांनी अणूहूनही लहान कणांबद्दल, म्हणजे आपण आज ज्याला इलेक्ट्रॉन म्हणतो त्याबद्दल, जाहीरपणे सांगितलं ते अशाच एका शुक्रवारी. त्या दिवशी आधी तासभर देणगीदारांना नारळ वाटले असते तर? हा प्रश्न आमचे मित्र विचारतात आणि टाळ्या घेतात.

टाळ्या रास्त आहेत, पण दाखला अर्धाच आहे. त्याच लंडनमध्ये रॉयल सोसायटी ही शास्त्रज्ञांची जुनी संस्था आहे आणि तिनं समारंभ सोडलेला नाही. नवा फेलो, म्हणजे सभासद, एका जुन्या वहीत सही करतो. या वहीच्या सुरुवातीला दुसऱ्या चार्ल्स राजाची सही आहे आणि पुढं न्यूटनपासून आजपर्यंतच्या सगळ्यांच्या. अध्यक्ष हात हातात घेऊन ठरलेले शब्द उच्चारतात आणि माणूस आत येतो. आपल्या फेट्याइतकाच हा थाट आहे, किंबहुना जास्तच. फरक एवढाच की ती सही एका वचनाखाली होते: संस्थेच्या भल्यासाठी झटेन, ती ज्या हेतूसाठी उभी राहिली तो हेतू पुढं नेईन. तिथला समारंभ माणसाला बांधून घेतो. आपला समारंभ त्याला मोकळा करतो. पावती फाडली, शाल मिळाली, फोटो निघाला, आता पुढच्या वर्षी पत्रिका पोचली तरी पुरे.

रॉयल सोसायटी सुरू झाली तीच मुळी एका व्याख्यानानंतरच्या गप्पांतून. २८ नोव्हेंबर १६६० रोजी ग्रेशम कॉलेजात क्रिस्टोफर रेन यांचं व्याख्यान झालं, ते ऐकून बाराजण थांबले आणि दर आठवड्याला भेटायचं त्यांनी ठरवलं. प्रवेशाला दहा शिलिंग, मग दर आठवड्याला एक शिलिंग. दोनच वर्षांत त्यांनी रॉबर्ट हूक या शास्त्रज्ञाला नेमलं, ते दर बैठकीला प्रयोग करून दाखवण्यासाठी. बोलून दाखवू नको, करून दाखव. ‘कुणाच्या शब्दावर विसंबू नका’ या अर्थाचं त्यांचं ब्रीद या रोजच्या व्यवहारातून आलेलं होतं.

आता कुणी म्हणेल, साहेबांचं कौतुक पुरे. पुरेच. कारण हीच संस्था पुढं आपल्यासारखी झाली होती, आणि तो भाग आपल्या जास्त कामाचा आहे. अठराव्या शतकात आणि एकोणिसाव्याच्या सुरुवातीला तिथं उमराव, जमीनदार, पाद्री, लष्करी अधिकारी अशा मंडळींची खोगीरभरती झाली. विज्ञानाशी संबंध नसलेले, पण नावापुढं अक्षरं लावायला उत्सुक. १८३० मध्ये गणितज्ञ चार्ल्स बॅबेज यांनी याच्यावर जाहीर कोरडे ओढले. मग १८४७ मध्ये नियम बदलले: वर्षाला फक्त पंधराजण निवडायचे आणि तेही कामगिरी पाहून. बघा, दुखणं हुबेहूब आपलं होतं. समारंभ होता तसाच राहिला. बदलला तो दरवाजा.

आपल्याकडे असं कधी नव्हतंच का? होतं, आणि फार उमदं होतं. १८४८ मध्ये मुंबईत एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी साहित्य आणि शास्त्र यांची सभा काढली. दादाभाई नौरोजी त्या पिढीतले. तिचीच मराठी शाखा म्हणजे ज्ञानप्रसारक सभा. तिथं सभासद निबंध वाचत आणि बाकीचे त्याच्यावर तुटून पडत. एका बैठकीत स्त्रीशिक्षणावरचा निबंध वाचला गेला, चर्चा पेटली, आणि १८४९ मध्ये या पोरांनीच मुलींच्या शाळा सुरू केल्या; सुरुवातीला शिकवायलाही तेच उभे राहिले. निबंध वाचणं म्हणजे नुसतं वाचणं नव्हतं, गळ्यात घोंगडं घेणं होतं. पुण्यात १९१० मध्ये इतिहासाचार्य राजवाड्यांनी भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापलं, तिथंही कणा होता तो सभांत वाचलेल्या टिपणांचा. कुणाला वाड्याच्या माळ्यावर एक सनद सापडे, कुणाला देवळाच्या ओवरीत शिलालेख. दोन पानांचं टिपण, पण ते चारचौघांपुढं वाचायचं आणि चूक निघाली तर ऐकून घ्यायची. कारकून, शाळामास्तर, इनामदार असे सगळे त्यात होते. पदवीचा रुबाब फारसा नव्हता. कागद आणलास का, हा प्रश्न होता.

आणि कोल्हापूरला तर सन्मान म्हणजे काय याचा धडा बाहेरून आणायची गरजच नाही. २१ आणि २२ मार्च १९२० ला आपल्या हातकणंगले तालुक्यातल्या माणगावात अस्पृश्यांची परिषद भरली. अध्यक्ष होते अठ्ठावीस वर्षांचे डॉ. आंबेडकर. शाहू महाराज स्वतः आले आणि जमलेल्या लोकांना त्यांनी सांगितलं की तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला आहे. यापेक्षा मोठा सत्कार या जिल्ह्यात झाला असेल असं मला वाटत नाही. पण त्या सत्कारात काय होतं? एका तरुणाच्या खांद्यावर सगळ्यांदेखत ठेवलेलं ओझं होतं. त्यानं अध्यक्ष म्हणून भाषण केलं होतं, ठराव झाले होते, आणि तिथून पुढं त्याच्याकडून अपेक्षा सुरू होणार होती. आज आपण शाहू स्मारकात शाल पांघरतो, त्या भवनाला ज्यांचं नाव आहे त्यांची सन्मानाची रीत ही होती.

आता विरोधकांचे मुद्दे. त्यांतला सगळ्यात भक्कम मुद्दा मी कुणाच्या भाषणात ऐकला नाही, पण तो मला स्वतःला टोचतो. गावात अशी माणसं आहेत ज्यांनी आयुष्यभर मोडी वाचली, वीरगळांची, म्हणजे लढताना पडलेल्यांच्या स्मारकशिळांची, टिपणं काढली, पक्ष्यांच्या नोंदी ठेवल्या, गावोगावच्या ओव्या उतरवून घेतल्या, आणि त्यांना कुठल्या विद्यापीठानं कधी चहालासुद्धा बोलावलं नाही. एखाद्या निवृत्त मास्तरांना वयाच्या पंच्याहत्तरीत कुणी फेटा बांधला, सून-नातवंडं समोर बसली, तर त्याला ‘कर्मकांड’ म्हणून हिणवणारे आपण कोण? हे मी पूर्ण मान्य करतो. अशा माणसाचा मान कमी करणारी कुठलीही सुधारणा मला नको.

पण सध्या त्याच्या वाट्याला नेमकं काय येतं ते पाहा. अकराजणांच्या यादीत त्याचं नाव सातवं. निवेदक ‘ज्येष्ठ अभ्यासक’ एवढंच म्हणतो, कारण कसला अभ्यास हे त्यालाही ठाऊक नसतं. मास्तर उठतात, वाकतात, शाल घेतात, फोटोग्राफर ‘इकडं बघा’ म्हणतो, आणि चाळीस सेकंदांत ते परत खुर्चीत. चाळीस वर्षांत त्यांना जे समजलं त्यातलं एक वाक्यही सभागृहानं ऐकलेलं नसतं. हा मान आहे का? खासबागेत पैलवानाला फेटा बांधतात तो कुस्ती झाल्यावर, लोकांनी त्याचा डाव डोळ्यांनी पाहिल्यावर. नुसती सलामी देऊन मैदानाबाहेर गेलेल्याला कुणी बक्षीस देत नाही. मास्तरांना पंधरा मिनिटं द्या. एक वीरगळ पडद्यावर दाखवू द्या, त्यावरचे तीन थर समजावू द्या, एखाद्या कॉलेजच्या पोरीला उठून ‘हा वीर गाई सोडवताना पडला हे कशावरून?’ असं विचारू द्या. मग बांधा फेटा. नातवंडांनाही तेव्हा कळेल की आजोबा इतकी वर्षं रविवारी कुठं जात होते.

दुसरा मुद्दा असा की सगळ्यांना बोलता येत नाही. बरोबर. अभ्यासू माणूस पुष्कळदा मुखदुर्बळ असतो आणि सफाईनं बोलणाऱ्याचा अभ्यास पुष्कळदा कच्चा. टिपण वाचण्याची अट घातली तर वक्तृत्व स्पर्धेतले वीर पुढं येतील, ही भीती खोटी नाही. पण अट बोलण्याची कशाला हवी? न्यूटन १६७२ च्या जानेवारीत रॉयल सोसायटीचा सभासद झाला आणि फेब्रुवारीत प्रकाश आणि रंग यांवरचा त्याचा निबंध तिथं वाचला गेला, तेव्हा तो स्वतः केंब्रिजमध्ये बसून होता. पत्र पाठवलं, दुसऱ्यानं वाचलं. हूकनं त्यावर आक्षेप घेतले, आणि ते भांडण पुढं किती वर्षं चाललं ते सगळ्यांना माहीत आहे. लिहून द्या, मंडळाचा कार्यकर्ता वाचेल. जिभेची परीक्षा नकोच आहे. काम समोर यावं एवढंच.

तिसरा मुद्दा मला फसवा वाटतो: अट घातली की दार अरुंद होईल, मंडळ मूठभरांचं होईल. इतिहास उलटं सांगतो. दार अरुंद ठेवलं ते सभासदत्वाच्या ‘योग्यते’नं, वाचलेल्या टिपणानं ते रुंदच केलं. हर्था आयर्टन या विदुषीचं नाव १९०२ मध्ये रॉयल सोसायटीपुढं आलं तेव्हा विवाहित स्त्रीला सभासद करता येत नाही असं वकिली उत्तर मिळालं. दोनच वर्षांनी, १९०४ मध्ये, त्याच संस्थेत वाळूवर लाटांनी उमटणाऱ्या वळ्यांवरचा आपला निबंध त्यांनी स्वतः उभं राहून वाचला. सभासदांच्या यादीत स्त्रियांची नावं यायला १९४५ उजाडलं. म्हणजे व्यासपीठावर काम एकेचाळीस वर्षं आधी पोचलं होतं, वही मागून आली. आपल्या मंडळांच्या आजीव सभासदांच्या याद्या काढून बघा. पाच हजारांची पावती ज्या घरात फाटते त्याच घरातली नावं त्यात दिसतील, आणि त्यातही बहुतेक पुरुषांची. आता समजा, पावती नको, टिपण आणा असं म्हटलं. मग गुऱ्हाळावर तीस हंगाम काढलेला गुळव्या येऊ शकतो. कढईतल्या रसाचा पाक नेमका कधी उतरवायचा हे त्याच्याइतकं कुणाला कळतं? २०१९ आणि २०२१ च्या पुरात आपल्या गल्लीत पाणी कुठून शिरलं आणि कुठल्या भिंतीला किती दिवस राहिलं याची वही ठेवलेली शाहूपुरीतली गृहिणी येऊ शकते. या दोघांना आजची पद्धत श्रोते म्हणूनसुद्धा मोजत नाही.

विषय कुठून आणायचे, असं विचारणाऱ्यांना मी टाऊन हॉलच्या संग्रहालयात पाठवतो. तिथं ब्राँझचा एक छोटा पोसायडन उभा आहे, ग्रीकांचा समुद्रदेव. तो सापडला पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकाडावर. १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्वज्ञ सांकलिया आणि दीक्षित यांनी तिथं उत्खनन केलं आणि सातवाहन काळातल्या वस्तीचं चित्र उजेडात आलं. समुद्रापासून इतक्या आत, सह्याद्री ओलांडून हा देव इथं कसा आला? कुठल्या घाटानं? व्यापाऱ्याच्या गाठोड्यात की हौशी श्रीमंताच्या घरात? शाळेची पोरं रांगेनं त्याच्यापुढून जातात, आणि बहुतेक मोठ्या माणसांना तो तिथं आहे हेही माहीत नसतं. राजारामपुरी ते रंकाळा या पट्ट्यात दहा वर्षं पुरतील एवढे विषय पडलेत, आणि आपण दरवर्षी पुण्या-मुंबईहून ‘जीवन सुंदर आहे’ छापाचं भाषण विमानभाडं देऊन मागवतो.

व्याख्यान यूट्यूबवर घरबसल्या मिळतं, मग सभागृहात कशाला, हा प्रश्नही याच्याशी जोडलेला आहे. ऐकायचंच असेल तर खरंच कशाला? प्रतिप्रश्न करायचा असेल तरच येण्यात अर्थ आहे, आणि आपण कापतो ते नेमके प्रश्नच. याच कोल्हापुरात जन्मलेले जयंत नारळीकर सही मागणाऱ्या मुलांना सांगत, की पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठवा, उत्तराखाली सही मिळेल. सत्काराच्या हौसेला जिज्ञासेचं वळण देण्याची यापेक्षा स्वस्त युक्ती मला माहीत नाही.

राहता राहिले देणगीदार. त्यांना तुच्छ लेखणारी भाषा मला आवडत नाही. सभागृहाचं भाडं, छपाई, पाहुण्यांची राहण्याची सोय ही कुणाच्या तरी खिशातून होते, आणि तो खिसा बहुतेक वेळा लक्ष्मीपुरीतल्या एखाद्या दुकानदाराचा असतो, प्राध्यापकाचा नसतो. त्याचं नाव पत्रिकेवर ठळक छापा, सभागृहाच्या दाराशी फलकावर लावा, त्याला पहिल्या रांगेत बसवा. पण सभासदत्व आणि देणगी यांची गल्लत थांबवा. मी ज्या दुकानदारांशी बोललो त्यांतल्या कुणालाही वक्त्याचा पाऊण तास खाऊन शाल घ्यायची हौस नव्हती. ती हौस समितीची होती, पुढच्या वर्षीच्या पावतीच्या काळजीपोटी.

तेव्हा करायचं ते असं. व्याख्यानाच्या दिवशी ठरल्या वेळी वक्ता उभा राहील आणि बोलू लागेल. परिचय पत्रिकेच्या मागं छापलेला असेल. शेवटची वीस मिनिटं प्रश्नांची, ती कुणालाही कापता येणार नाहीत, अध्यक्षांनाही. नव्या सभासदांसाठी वर्षातून एक वेगळी संध्याकाळ. चार किंवा पाचजण, प्रत्येकाचं पंधरा मिनिटांचं टिपण, मग प्रश्न, मग एका जाड वहीत सही, आणि सहीपुढं वाचलेल्या टिपणाचं नाव. त्यानंतर हलगी लावा, फेटे बांधा, फोटो काढा, मिसळ ठेवा, माझी काही हरकत नाही.

यासाठी मंडळाची घटना बदलायची, सर्वसाधारण सभा बोलवायची, धर्मादाय आयुक्तांकडे अर्ज करायचा, असलं काही सुरुवातीला लागत नाही. आजीव सभासदांचे हक्क आहेत तसे राहू देत. कार्यक्रम कसा घ्यायचा हे कार्यकारिणी ठरवते, आणि ती एका बैठकीत ठरवू शकते. अडचण येईल ती एकच: सध्याच्या कार्यकारिणीतल्या लोकांनाच पहिल्या वर्षी टिपणं वाचायला लावावी लागतील.